क्रियाविशेषणाची वाक्यातील आणि नामसमूहातील जागा

पूर्णविराम (धागाकर्ता)

नमस्कार. लेखन तपासण्याचे काम करताना एका विशिष्ट प्रकारच्या वाक्यापाशी मला वारंवार थांबावे लागते, म्हणून हा धागा काढत आहे. पुढील वाक्य पाहा.

'संचालकांनी काल समितीने सादर केलेला अहवाल फेटाळला.'

अहवाल काल सादर झाला की काल फेटाळला गेला? लेखकाला विचारावे तर अर्थ उघड आहे असे तो म्हणतो. पण हेच वाक्य दोघांना वाचायला दिले, तर एकाला एक अर्थ उघड वाटतो आणि दुसऱ्याला दुसरा. 'काल' या शब्दाच्या उजवीकडे 'केलेला' आणि 'फेटाळला' अशी दोन क्रियारूपे आहेत आणि 'काल' कोणाचा, हे सांगणारी कोणतीही खूण त्या शब्दावर नाही.

शालेय व्याकरणात क्रियाविशेषणांचे कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक असे प्रकार शिकवले जातात, मात्र ती वाक्यात कोठे ठेवावीत याबद्दल फारसे काही सांगितले जात नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय असल्यामुळे शब्दक्रम मोकळा आहे, एवढे एक विधान मात्र सर्वांना पाठ असते. हे विधान नामांपुरते खरे आहे. 'मुलाने कुत्र्याला पाहिले' आणि 'कुत्र्याला मुलाने पाहिले' यांत पाहणारा बदलत नाही, कारण कोणी पाहिले आणि कोणाला पाहिले हे प्रत्ययांनी आधीच सांगून टाकलेले असते. क्रियाविशेषण अव्यय बहुतेक वेळा असे काहीच अंगावर वागवत नाही. त्याचा संबंध कोणाशी आहे, हे त्याच्या जागेवरूनच ओळखावे लागते. म्हणजे ज्या शब्दाला आपण सर्वांत मोकळा समजतो, तोच खरे तर जागेवर सर्वाधिक अवलंबून आहे.

माझे म्हणणे असे, की लिखित मराठीत क्रियाविशेषण आपल्या उजवीकडे भेटणाऱ्या पहिल्या क्रियारूपाला जाऊन चिकटू पाहते, मग ते मुख्य क्रियापद असो की धातुसाधित. म्हणून ज्याचे त्याच्यालगत डावीकडे ठेवावे. 'समितीने काल सादर केलेला अहवाल संचालकांनी फेटाळला' किंवा 'समितीने सादर केलेला अहवाल संचालकांनी काल फेटाळला' असे लिहिले, की प्रश्न उरत नाही. हा नियम कोठवर टिकतो आणि कोठे मोडतो, यावर आपली मते वाचायला आवडतील.

अन्वयार्थी

नियम मान्य आहे, पण 'लगत डावीकडे' ही अट सर्व प्रकारच्या क्रियाविशेषणांना सारखी लागू होत नाही. कोणत्याही शब्दावर विशेष जोर नसलेल्या वाक्यात काळ आधी, स्थळ त्यानंतर आणि रीत क्रियापदाच्या सर्वांत जवळ, असा क्रम आपण न शिकता पाळतो: 'ती रोज सकाळी मैदानावर भरभर चालते.' 'ती भरभर मैदानावर रोज सकाळी चालते' हे वाक्य व्याकरणाने अडणार नाही, परंतु ते ऐकणाऱ्याला काहीतरी दुरुस्त करून सांगितल्यासारखे वाटेल. जणू कोणी 'ती भरभर संध्याकाळी चालते' असे म्हटले होते आणि त्याला हे उत्तर आहे. एकाच प्रकारची अनेक क्रियाविशेषणे आली, तर मराठी मोठ्याकडून लहानाकडे जाते: 'उद्या सकाळी बरोबर सात वाजता'. इंग्रजीत हाच क्रम सहसा उलटा लागतो, आणि भाषांतरित बातम्यांत 'सात वाजता उद्या सकाळी' असे जे वाचायला मिळते, त्याचे मूळ तेथे आहे.

रीतिवाचक क्रियाविशेषणाबद्दल आणखी एक बारकावा आहे. कर्म ठरावीक, ओळखीचे असेल, तर क्रियाविशेषण त्याच्या उजवीकडे जाते. कर्म मोघम असेल, तर ते डावीकडेही सहज राहते. 'तो पटापट पुस्तके वाचतो' हे त्याच्या सवयीचे वर्णन झाले आणि त्यात 'पुस्तके वाचणे' ही जणू एकच क्रिया आहे. याउलट 'ती पुस्तके तो पटापट वाचतो' यात पुस्तके कोणती हे आधी ठरलेले आहे. 'तो पटापट ती पुस्तके वाचतो' हे चुकीचे नाही, पण कानाला किंचित अडखळवते.

कर्मणी

क्रियाविशेषणावर कोणतीही खूण नसते, हे विधान थोडे आवरून घ्यायला हवे. मराठीत विकारी क्रियाविशेषणे आहेत, आणि जागेचा खरा पेच तर त्यांच्याच बाबतीत पडतो. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'त्या चांगल्या गातात' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द गाण्याच्या रीतीबद्दल बोलतो, पण लिंग आणि वचन कर्त्याचे घेतो. कर्मणी प्रयोगात तो कर्माकडे वळतो: 'तिने लेख चांगला लिहिला', 'त्याने कविता चांगली वाचली'. भावे प्रयोगात क्रियापदच कोणाशी जुळत नसल्यामुळे हा शब्दही नपुंसकलिंगी एकवचनात थांबतो: 'तिने त्या मुलींना चांगले ओळखले.' क्रियापद ज्याच्याशी जुळते, त्याच्याशीच हा शब्दही जुळतो.

आता पुढील जोडी पाहा. 'त्याने चांगली कविता वाचली' आणि 'त्याने कविता चांगली वाचली.' शब्द तेच, रूपेही तीच. पहिल्या वाक्यात कविता चांगली आहे, वाचन कदाचित रटाळ झाले असेल; दुसऱ्यात वाचन चांगले आहे आणि कवितेबद्दल काहीच म्हटलेले नाही. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यातील भेद येथे रूपाने नव्हे, तर नामाच्या डावीकडे की उजवीकडे एवढ्यानेच ठरतो.

मात्र नामाच्या उजवीकडची जागा एकट्या क्रियाविशेषणाची नाही, हेही लक्षात घ्यावे. 'त्याने भिंत छान रंगवली' आणि 'त्याने भिंत पांढरी रंगवली' ही वाक्ये सारखी दिसतात, पण 'पांढरी' हे रंगवण्याच्या रीतीचे वर्णन नाही. रंगवल्यानंतर भिंत जशी झाली, तिचे ते वर्णन आहे. 'भिंत कशी रंगवली?' या प्रश्नाला दोन्ही उत्तरे देता येतात, म्हणून तो प्रश्न कसोटी म्हणून निरुपयोगी आहे. त्याऐवजी त्या शब्दाच्या जागी 'नीट' किंवा 'चांगल्या रीतीने' घालून पाहावे. 'छान'च्या जागी ते बसते आणि अर्थ फारसा हलत नाही. 'पांढरी'च्या जागी घातले, तर मूळ माहितीच नाहीशी होते.

उलटतपासणी

हे सर्व लिखित भाषेबद्दल चालले आहे. बोलताना आपण 'येतो मी उद्या', 'सांगितले होते मी त्याला स्पष्टपणे' असे सर्रास म्हणतो. तेथे क्रियाविशेषण क्रियापदाच्या उजवीकडे आहे, तरी अर्थाचा घोळ होत नाही. मग डावीकडचा नियम कशाला?

पूर्णविराम (धागाकर्ता)

@उलटतपासणी, क्रियापदानंतर येणारा शब्द हा बोलण्याच्या ओघात मागाहून जोडलेला असतो आणि त्याच्यावर सहसा आघात नसतो. 'येतो मी उद्या' यात नवी माहिती 'येतो' ही आहे. 'कधी येतोस?' या प्रश्नाला 'येतो मी उद्या' हे उत्तर आपण देत नाही. 'उद्या येतो' असेच देतो. प्रश्नाचे उत्तर असणारा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी येतो, हा मराठीचा स्वभाव आहे, आणि प्रश्नवाचक शब्दही म्हणूनच बहुधा तेथेच येतात. शिवाय बोलताना आघात आणि विराम मदतीला असतात. छापील ओळीत ते नसतात. घोळ न होण्याचे आणखी एक कारण असे, की आपल्या उदाहरणांत क्रियापद एकच आहे. दोन असती, तर बोलणाऱ्यालाही थांबावे लागले असते.

लगेच आधीच्या या जागेमुळे अर्थ कसा पालटतो, याचे मला आवडणारे उदाहरण 'नक्की' या शब्दाचे आहे. 'नक्की कोण येणार?' या प्रश्नात 'नक्की' हा शब्द 'कोण' याला धरतो. येणाऱ्याचे नाव हवे आहे. 'कोण नक्की येणार?' यात तो 'येणार' याला धरतो. अनेक जण येणार म्हणतात, त्यांपैकी खात्रीचे कोण, एवढेच विचारायचे आहे. पहिल्या प्रश्नात शंका ओळखीबद्दल आहे, दुसऱ्यात येण्याबद्दल.

'फक्त' हा शब्दही तसाच. 'फक्त तिने तो अर्ज वाचला', 'तिने फक्त तो अर्ज वाचला' आणि 'तिने तो अर्ज फक्त वाचला' ही तीन वेगळी विधाने आहेत. शेवटच्यात तिने अर्जावर काही कार्यवाही केली नाही, अशी तक्रार ऐकू येते. 'फक्त' डावीकडून बोट दाखवतो आणि 'च' उजवीकडून चिकटतो ('तिनेच', 'अर्जच'), म्हणून 'च'च्या बाबतीत संदिग्धता फारशी उरत नाही. कार्यालयीन मसुद्यात 'फक्त'ची जागा डळमळीत वाटली, तर मी सरळ 'च' वापरतो.

तौलनिक

उत्तम चर्चा. थोडे बाहेर डोकावून पाहू या. क्रियाविशेषणाच्या जागेला आधुनिक वाक्यविचारात मोठे महत्त्व आले, ते एका साध्या निरीक्षणामुळे. इंग्रजीत 'अनेकदा' या अर्थाचा शब्द साध्या वाक्यात क्रियापदाच्या आधी येतो आणि क्रियापद व कर्म यांच्यामध्ये घालता येत नाही. फ्रेंचमध्ये तो नेमका क्रियापद आणि कर्म यांच्यामध्येच येतो. जाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये या फरकाची मांडणी अशी केली, की दोन्ही भाषांत क्रियाविशेषण एकाच ठिकाणी आहे, हलते ते क्रियापद. फ्रेंचमध्ये रूप घेतलेले क्रियापद क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे जाते, इंग्रजीत मुख्य क्रियापद जात नाही. क्रियाविशेषण असे मैलाच्या दगडासारखे वापरता येते, हा विचार त्यानंतर रुजला. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे कर्म आणि क्रियाविशेषण दोन्ही त्याच्या डावीकडेच राहतात आणि ही चाचणी आपल्याला थेट लावता येत नाही, हे ओघाने आलेच.

जर्मनमध्ये वेगळीच शिस्त आहे. मुख्य विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी हवे, म्हणून 'काल' या अर्थाचा शब्द वाक्याच्या आरंभी आला, की कर्त्याला क्रियापदाच्या मागे जावे लागते. मराठीत 'काल' आरंभी आणल्याने बाकीच्या शब्दांना जागा सोडावी लागत नाही.

१९९९ मध्ये गुलिएल्मो चिंक्वे यांनी याहून धाडसी मत मांडले. त्यांच्या मते क्रियाविशेषणांच्या वर्गांची एक ठरलेली उतरंड आहे आणि ती सर्व भाषांत सारखीच आहे: बोलणाऱ्याची भूमिका सांगणारे शब्द सर्वांत वर, मग घटनेचे मूल्यमापन करणारे, मग शक्यता सांगणारे, आणि रीत सांगणारे अगदी खाली. मराठीत हे ताडून पाहता येते. 'दुर्दैवाने तो बहुधा पुन्हा नीट चालू शकणार नाही' हे वाक्य सहज आहे. 'तो नीट पुन्हा बहुधा दुर्दैवाने चालू शकणार नाही' हे मला वाक्यच वाटत नाही. तथापि ही उतरंड भाषेच्या रचनेत कोरलेली आहे, हे सर्वांना मान्य नाही. थॉमस अर्न्स्ट यांनी २००२ मध्ये असे प्रतिपादन केले, की क्रमाचा मोठा भाग अर्थातूनच निघतो: 'दुर्दैवाने' हा शेरा संपूर्ण घटनेवर आहे, 'नीट' केवळ चालण्यावर, तेव्हा मोठ्याने लहानाला पोटात घ्यावे हे स्वाभाविकच आहे. व्यक्तिशः मला हा दुसरा विचार अधिक पटतो, कारण त्यात नियमांची यादी कमी लागते.

अन्वयार्थी

@तौलनिक, 'पुन्हा'चा उल्लेख आला आहे, म्हणून एक उदाहरण जोडतो. 'त्याने दार पुन्हा उघडले' या वाक्याचे दोन अर्थ होतात: त्याने पूर्वीही उघडले होते, किंवा दार पूर्वी उघडे होते, मध्ये बंद झाले आणि आता परत उघडे झाले. 'पुन्हा त्याने दार उघडले' म्हटले, की माझ्या कानाला पहिला अर्थच उरतो. म्हणजे वर गेलेला 'पुन्हा' संपूर्ण कृतीची आवृत्ती सांगतो आणि क्रियापदाजवळचा 'पुन्हा' केवळ अवस्थेचीही आवृत्ती सांगू शकतो. हे दोन्ही मतांशी जुळते, त्यामुळे वाद मिटत नाही!

रानवाट

नामसमूहाबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही, आणि शीर्षकात तर तो आहे. 'अधिक सोपी उदाहरणे द्यावीत' असा शेरा एखाद्या हस्तलिखितावर आला, तर लेखकाने काय करावे? उदाहरणांची संख्या वाढवावी, की आहेत तीच सोपी करावीत? 'खूप जुनी पुस्तके', 'बरीच मोठी झाडे' यांतही तोच प्रश्न आहे.

कर्मणी

@रानवाट, प्रश्न नेमका आहे. 'अधिक', 'खूप', 'बरीच' हे शब्द नामाची संख्या सांगू शकतात आणि विशेषणाची मात्राही सांगू शकतात. नामसमूहात दोन्ही कामांची जागा एकच आहे, विशेषणाच्या डावीकडची. नाम एकवचनी आणि मोजण्याजोगे असेल, तर संख्येचा अर्थ आपोआप गळतो: 'खूप जुने पुस्तक' याचा एकच अर्थ. अनेकवचनात मात्र शब्द बदलणे बरे. मात्रेसाठी 'अतिशय' आणि संख्येसाठी 'पुष्कळ' किंवा 'अनेक' घेतले, की काम भागते. आपल्या शेऱ्याचे 'उदाहरणे अधिक सोपी करावीत' किंवा 'सोप्या उदाहरणांची संख्या वाढवावी' असे दोन स्वतंत्र शेरे व्हायला हवेत.

यातही एक गंमत आहे. 'जरा', 'फार', 'अगदी', 'अतिशय' हे शब्द विशेषणाआधी आले तरी बदलत नाहीत, पण 'थोडा', 'एवढा', 'केवढा', 'बराच' हे विशेषणाची मात्रा सांगतानाही नामाचे लिंग-वचन घेतात आणि नामाला प्रत्यय लागला, की सामान्यरूपातही जातात: 'थोडी मोठी खोली', 'थोड्या मोठ्या खोलीत', परंतु 'जरा मोठी खोली', 'जरा मोठ्या खोलीत'. अर्थाने 'थोड्या' हा शब्द मोठेपणाबद्दल बोलतो, खोलीबद्दल नाही. रूपाने मात्र तो खोलीचाच झाला. त्यामुळे 'थोड्या मोठ्या खोल्यांमध्ये' म्हटले, की मोजक्याच खोल्या की किंचित मोठ्या खोल्या, हे कळायला मार्ग नाही. 'जरा मोठ्या खोल्यांमध्ये' म्हणावे आणि मोकळे व्हावे.

पूर्णविराम (धागाकर्ता)

काळ आणि स्थळ सांगणारी क्रियाविशेषणे नामसमूहात शिरताना 'चा' किंवा 'ला' घेऊन विशेषण होतात: कालचा, पूर्वीचा, नेहमीचा, वरचा, इथला, आतला. 'काल बैठक रद्द झाली' यात रद्द होणे कालचे आहे. 'कालची बैठक रद्द झाली' यात बैठक कालची आहे आणि ती रद्द झाल्याचे कदाचित परवाच ठरले असेल. रीतिवाचकांना ही वाट बंद आहे. 'पटकनचे उत्तर' किंवा 'हळूची चाल' आपण म्हणत नाही. 'तत्पर उत्तर', 'संथ चाल' असे वेगळे विशेषण शोधावे लागते. 'सतत' मात्र 'सततचा पाऊस' असे रूप घेतो, म्हणजे भाषा त्याला रीतीपेक्षा काळाकडे मोजते.

'चा' लावल्यानेही जागेचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. 'कालचा समितीचा अहवाल' आणि 'कालच्या समितीचा अहवाल' हे स्पष्टपणे वेगळे आहेत, कारण 'कालचा' हे रूप अहवालाशी जुळते. पण 'अहवाल'ला प्रत्यय लावून पाहा: दोन्हींचे 'कालच्या समितीच्या अहवालात' असेच होते! सामान्यरूपाने भेद पुसून टाकला. येथे 'समितीच्या कालच्या अहवालात' असे लिहिण्याला पर्याय नाही.

आता एक वादाचा मुद्दा. 'त्यांच्या अचानक राजीनाम्यामुळे' ही वृत्तपत्री रचना मला खटकते. 'अचानक' हे क्रियाविशेषण आहे, त्याला धरायला क्रियारूप हवे. 'त्यांनी अचानक दिलेल्या राजीनाम्यामुळे' असे हवे.

उलटतपासणी

येथे मी सहमत नाही. 'त्यांचे अचानक जाणे सर्वांना चटका लावून गेले' हे आपल्याला चालते ना? 'जाणे' हे तेथे नामच आहे. त्याच्या आधी 'त्यांचे' असा षष्ठीचा शब्दही आहे. मग 'राजीनामा' या नामाने काय पाप केले?

कर्मणी

'जाणे' नाम झाले, तरी त्याच्यातील धातू जिवंत आहे. ते कर्मही घेऊ शकते ('पुस्तक वाचणे') आणि क्रियाविशेषणही ('वारंवार येणे'). 'राजीनामा' यात असा धातू नाही, म्हणून त्याच्याआधी 'अनपेक्षित', 'तडकाफडकीचा' असे विशेषणच हवे. मात्र वापर सरकत आहे, हेही मान्य करायला हवे. 'अचानक भेट', 'अचानक तपासणी' या जोड्या आता इतक्या रुळल्या आहेत, की त्यांत 'अचानक'ला विशेषण म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. मी स्वतः भेट आणि तपासणी सोडून देते, राजीनामा अडवते. त्यामागे रुळलेल्या कानापलीकडे फारसा आधार नाही.

तौलनिक

जागेवरून संयुक्त क्रियापद ओळखण्याची एक युक्ती सांगतो. 'त्याने पत्र पटकन लिहून टाकले' यात 'टाकले' म्हणजे फेकले नव्हे. लिहिण्याचे काम एकदाचे उरकले, एवढेच तो शब्द सांगतो. आता क्रियाविशेषण आत सरकवा: 'त्याने पत्र लिहून पटकन टाकले.' ताबडतोब दोन कृती झाल्या. आधी लिहिले आणि मग पेटीत टाकले. संयुक्त क्रियापदाच्या दोन भागांमध्ये रीतिवाचक क्रियाविशेषण शिरू शकत नाही. शिरलेच, तर जोड तुटतो. 'च' मात्र शिरतो ('लिहूनच टाकले') आणि जोड टिकतो.

रानवाट

आणि नकारार्थी वाक्ये? 'त्याने हे मुद्दाम केले नाही' या वाक्याने माझा नेहमी गोंधळ होतो.

अन्वयार्थी

'नाही'च्या लगत असलेले क्रियाविशेषण बहुधा नकाराच्या कक्षेत येते. 'त्याने हे मुद्दाम केले नाही' याचा सरळ अर्थ, केले खरे, पण हेतुपुरस्सर नव्हे. 'त्याने मुद्दाम हे केले नाही' म्हटले, की अर्थ उलटतो: करायचे टाळले, आणि तेही ठरवून. 'मुद्दाम' डावीकडे सरकला आणि नकाराच्या बाहेर पडला. 'तो रोज व्यायाम करत नाही' यात मात्र सरकवायला जागाच फारशी नाही, म्हणून तेथे रचनाच बदलावी: 'तो रोज व्यायाम करतोच असे नाही' किंवा 'तो कधीच व्यायाम करत नाही'.

उलटतपासणी

धागाकर्त्यांच्या मूळ वाक्यात 'काल'नंतर स्वल्पविराम दिला, तर चालणार नाही का? 'संचालकांनी काल, समितीने सादर केलेला अहवाल फेटाळला.' शब्द हलवण्याची गरजच उरत नाही.

पूर्णविराम (धागाकर्ता)

अर्थ कळेल, पण मी तसे करणार नाही. तो स्वल्पविराम कर्ता आणि क्रियाविशेषण यांना त्यांच्याच क्रियापदापासून तोडतो, आणि पुढच्या तपासणीत कोणीतरी तो अनावश्यक समजून काढून टाकण्याची शक्यता मोठी असते. शब्दांची जागा बदललेली असेल, तर ती सहसा कोणी पूर्ववत करत नाही. शिवाय दोन्ही क्रियांचा काळ सांगायचा झाला, तर स्वल्पविरामाचा उपयोग नाहीच: 'समितीने सोमवारी सादर केलेला अहवाल संचालकांनी काल फेटाळला' असेच लिहावे लागते.